रिकिबीचा प्रश्न : कर्णकाठिण्यावरील शस्त्रक्रियेचा इतिहास (१७०४ ते १९५६)

प्रस्तावना

मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड कानात असते. त्याची उंची सुमारे ३ मिलिमीटर असून वजन जेमतेम ३ मिलिग्रॅम भरते. घोडेस्वाराच्या रिकिबीसारखा आकार असल्यामुळे मराठीत त्याला रिकीब असेच म्हणतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांच्या साखळीतील हे शेवटचे हाड. मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण यांच्या सीमेवर असलेल्या अंडाकृती गवाक्षात त्याचा तळवा बसलेला असतो आणि कानाच्या पडद्यावर आदळणाऱ्या ध्वनीबरोबर तो आतबाहेर हलतो. काही व्यक्तींमध्ये या गवाक्षाच्या कडेला नवे हाड वाढू लागते आणि कालांतराने रिकीब जागच्या जागी जखडली जाते. पडदा शाबूत, अंतर्कर्णातील मज्जातंतू बहुतांशी शाबूत, पण मधला एक सांधा गोठलेला, अशी ही अवस्था असते. हा विकार म्हणजे कर्णकाठिण्य, अर्थात ओटोस्क्लेरोसिस. तो साधारणपणे ऐन तारुण्यात सुरू होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो आणि बहुधा दोन्ही कानांना ग्रासतो.

जखडलेले हाड मोकळे करावे किंवा काढून टाकावे, ही कल्पना वरवर पाहता अगदी साधी आहे. ती १८७० च्या दशकात सुचली, १८९० पर्यंत शेकडो रुग्णांवर अमलात आली, १९०० च्या सुमारास त्या काळच्या श्रेष्ठ कर्णतज्ज्ञांनी ती त्याज्य ठरविली आणि त्यानंतर १९५२ पर्यंत जवळजवळ कोणीही रिकिबीला हात लावला नाही. वैद्यकाच्या लोकप्रिय इतिहासांत हा प्रसंग ‘द्रष्टे विरुद्ध सनातनी’ अशा सोप्या साच्यात सांगितला जातो. हा साचा तपासून पाहणे आणि १९०० चा निर्णय कोणत्या पुराव्याच्या आधारे झाला याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे एका अपेक्षेचा आरंभीच निर्देश केलेला बरा. कर्णशस्त्रक्रियेचा विषय निघाला की आपल्याकडे सुश्रुतसंहितेचे नाव घेतले जाते. सुश्रुताने २८ कर्णरोग सांगितले आहेत, त्यांत बाधिर्य आणि कर्णनाद यांचा समावेश आहे. फाटलेली कर्णपाली जोडण्याचे पंधरा प्रकारही तेथे वर्णिले आहेत. हे कार्य थोर आहे, यात शंका नाही. परंतु ती शस्त्रक्रिया बाह्यकर्णाची आहे. मध्यकर्णातील हाडांवरील शस्त्रक्रियेची परंपरा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या गरजांतून उगम पावली. तिला सुश्रुताची वारस म्हणणे हे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

शवविच्छेदनातून झालेली ओळख

या विकाराची पहिली नोंद इटलीतील बोलोन्या येथील शरीररचनाशास्त्रज्ञ आंतोनियो मारिया वाल्साल्वा यांच्या नावावर आहे. मानवी कानावरील त्यांचा ग्रंथ १७०४ साली प्रसिद्ध झाला. एका बहिऱ्या व्यक्तीच्या शवविच्छेदनात रिकीब गवाक्षाच्या कडेशी हाडासारखी जुळून गेल्याचे त्यांना आढळले. त्या निरीक्षणाचा पुढे दीड शतक फारसा उपयोग झाला नाही, कारण जिवंत रुग्णाच्या कानात डोकावण्याचे साधनच नव्हते.

ही उणीव मृतांच्या कानांनी भरून काढण्याचे काम लंडनमधील जोसेफ टॉयन्बी यांनी केले. सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये कर्णशल्यविशारद असलेल्या टॉयन्बी यांनी वर्षानुवर्षे शवांच्या शंखास्थी गोळा केल्या. १८५७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वर्णनात्मक सूचीत १६०० हून अधिक कानांच्या विच्छेदनाची नोंद आहे. या प्रचंड संग्रहातून रिकीब जखडणे हे बहिरेपणाचे दुर्मीळ नव्हे तर वारंवार आढळणारे कारण आहे, हे प्रथमच स्पष्ट झाले. टॉयन्बी यांचा शेवट त्यांच्या वृत्तीला साजेसा पण करुण झाला. कर्णनादावर उपाय शोधताना क्लोरोफॉर्म आणि हायड्रोसायनिक आम्ल यांच्या वाफांचा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला आणि ७ जुलै १८६६ रोजी त्यातच त्यांचा मृत्यू झाला. इतिहासाच्या अभ्यासकांना हे घराणे दुसऱ्या कारणांनी परिचित आहे. ‘औद्योगिक क्रांती’ ही संज्ञा इंग्रजीत रूढ करणारे अर्नोल्ड टॉयन्बी हे या शल्यविशारदाचे पुत्र, आणि संस्कृतींच्या उदयास्ताचा बृहद्‌ग्रंथ लिहिणारे अर्नोल्ड जे. टॉयन्बी हे नातू.

शवातील दोष ओळखणे आणि जिवंत रुग्णात तो ओळखणे यांत मोठे अंतर होते. ते कमी करण्याचे श्रेय एका साध्या उपकरणाला जाते. नादकाटा १७११ पासून संगीतकारांच्या वापरात होता. लायपझिगचे अर्न्स्ट हाइन्रिख वेबर यांनी १८३४ मध्ये आणि गटिंगेनचे हाइन्रिख आडोल्फ रिने यांनी १८५५ मध्ये त्याचा श्रवणपरीक्षेसाठी उपयोग सुचविला. रिने यांच्या परीक्षेत कंप पावणारा काटा आधी कानामागील हाडावर टेकवतात आणि मग कानासमोर धरतात. निरोगी व्यक्तीला हवेतून येणारा नाद अधिक काळ ऐकू येतो. तो हाडातूनच अधिक चांगला ऐकू येत असेल, तर अंतर्कर्ण कार्यक्षम आहे आणि अडथळा त्याच्या अलीकडे कोठेतरी आहे, असे अनुमान निघते. पडदा निरोगी, कानात स्राव नाही, आणि तरीही हाडातून अधिक ऐकू येते, अशा रुग्णात संशयाची सुई रिकिबीकडे वळे.

तरीही विकाराचे मूळ स्वरूप अज्ञातच होते. मध्यकर्णाच्या अस्तराचा जुनाट, ‘कोरडा’ दाह होऊन सांधा आखडतो, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. व्हिएन्ना येथील आडाम पोलित्झर यांनी १८९३ मध्ये तिला छेद दिला. हयातीत स्वतः तपासलेल्या सोळा रुग्णांच्या शंखास्थींचा मृत्यूनंतर अभ्यास करून त्यांनी दाखवून दिले, की हा अस्तराचा दाह नसून अंतर्कर्णाभोवतीच्या अस्थिकवचाचाच प्राथमिक विकार आहे. चिकित्सालयातील नोंद आणि शवविच्छेदनातील पुरावा एकाच व्यक्तीच्या बाबतीत जोडण्याची ही पद्धत त्या काळी आदर्श मानली गेली, आणि ती तशी होतीही. पण या शोधाचा शस्त्रक्रियेच्या भवितव्यावर झालेला परिणाम मात्र अनपेक्षित होता. तो पुढे पाहू.

भीतीचा पूर्वेतिहास

एकोणिसाव्या शतकातील शल्यविशारद कानाजवळ शस्त्र नेताना का कचरत होते, हे समजण्यासाठी १७९१ सालाकडे जावे लागते. कानामागील अस्थिपोकळीत साठलेला पू बाहेर काढण्यासाठी हाड उघडण्याचा यशस्वी प्रयोग पॅरिसमध्ये झां-लुई पेती यांनी १७३६ मध्ये केला होता. प्रशियाच्या सैन्यातील शल्यविशारद यासर यांनी १७७६ मध्ये तो पुन्हा केला. शस्त्रक्रियेचे नाव झाले आणि तिचा वापर नको तेथे होऊ लागला. डेन्मार्कच्या राजाचे वैद्य बॅरन फॉन बेर्गेर यांना बहिरेपणा आणि कर्णनादाचा त्रास होता. त्यांच्या कानात पू नव्हता. तरीही त्यांचे हाड उघडण्यात आले आणि काही दिवसांतच मस्तिष्कावरणाचा दाह होऊन १७९१ मध्ये ते मरण पावले. एका दरबारी व्यक्तीच्या या मृत्यूने ती शस्त्रक्रिया जवळजवळ ऐंशी वर्षे अस्पृश्य ठरली. हाले येथील हेर्मान श्वार्त्झे यांनी १८७३ मध्ये निश्चित नियमांसह तिचे पुनरुज्जीवन करीपर्यंत कानातील पुवाने असंख्य माणसे मेली.

या उदाहरणात पुढील शतकाचे बीज आहे. शस्त्रक्रिया चुकीची नव्हती, निवडलेला रुग्ण चुकीचा होता. पण निंदा झाली ती शस्त्रक्रियेची.

केसेल ते सीबेनमान

रिकिबीवर हेतुपुरस्सर शस्त्रक्रिया करणारे पहिले शल्यविशारद म्हणजे योहानेस केसेल. प्राग येथे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्याबरोबर त्यांनी मध्यकर्णाच्या कार्यावर प्रयोग केले होते. ग्रात्स येथे असताना १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी जखडलेली रिकीब हलवून मोकळी करण्याचे प्रयत्न सुरू केले आणि १८७८ मध्ये ते प्रसिद्ध केले. कानाच्या विकारांना वाहिलेले पहिले नियतकालिक १८६४ मध्येच जर्मन भाषेत सुरू झाले असल्याने अशा प्रयोगांना आता व्यासपीठ होते. लवकरच फ्रान्समध्ये या शस्त्रक्रियेचा जोरदार प्रसार झाला. पॅरिसचे कामिय मिओ यांनी १८९० मध्ये रिकीब मोकळी केलेल्या २०० रुग्णांचा वृत्तान्त लिहिला. अमेरिकेत बॉस्टन येथील फ्रेडरिक जॅक यांनी त्याही पुढे जाऊन १८९० च्या दशकाच्या आरंभी रिकीब काढूनच टाकण्यास प्रारंभ केला.

या वृत्तान्तांचे आज वाचन करताना एक अडचण ठळकपणे जाणवते. ‘सुधारणा’ म्हणजे काय, याचे मापच त्यात नाही. घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू आली, कुजबुज किती पावलांवरून कळली, अशा नोंदींवर यश ठरत असे. घड्याळ प्रत्येक चिकित्सकाचे वेगळे, कुजबुजणारा माणूस स्वतः शल्यविशारदच, खोलीची शांतता वेगवेगळी. शिवाय रुग्णांची निवडही सरमिसळ होती. खऱ्या कर्णकाठिण्याबरोबर जुन्या दाहाने कान बिघडलेले रुग्णही याच यादीत घातले जात. सहा महिन्यांनी किंवा पाच वर्षांनी काय झाले, हे फार थोड्या वृत्तान्तांत सांगितलेले आहे. अशा पुराव्यावरून कोणाचा प्रामाणिकपणा नव्हे, पण कोणाचाही दावा सिद्ध होत नाही.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या शस्त्रक्रियांविरुद्ध मत तयार झाले. १९०० च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली. तेथे बाझेलचे फ्रीड्रिख सीबेनमान यांनी रिकिबीवरील शस्त्रक्रिया निष्फळ आणि धोकादायक असल्याचा निर्वाळा दिला. बोर्दोचे मूर आणि स्वतः पोलित्झर यांचेही वजन याच पारड्यात होते. त्यानंतर नामवंत संस्थांत ही शस्त्रक्रिया होईनाशी झाली.

या निर्णयाला सनातनीपणा म्हणण्यापूर्वी त्याच वर्षी त्याच शहरात घडलेली दुसरी घटना लक्षात घ्यावी. डब्लिनचे विल्यम वाइल्ड हे आयर्लंडमधील कर्णचिकित्सेचे अध्वर्यू. १८५३ मधील त्यांचा कर्णशल्यतंत्रावरील ग्रंथ त्या काळी प्रमाण मानला जाई. त्यांचे पुत्र, नाटककार ऑस्कर वाइल्ड, यांच्या कानावर १० ऑक्टोबर १९०० रोजी पॅरिसमधील हॉटेलच्या खोलीतच शस्त्रक्रिया झाली आणि ३० नोव्हेंबरला वयाच्या ४६ व्या वर्षी ते निवर्तले. कानातील पुवाचा संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचल्याने हा मृत्यू ओढवला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पूतिनाशक तंत्र लिस्टर यांनी १८६७ मध्येच मांडले होते. पण संसर्ग एकदा आत शिरल्यावर त्याला रोखणारे औषध १९०० साली कोणाकडेही नव्हते. रिकिबीचा तळवा उचलला की अंतर्कर्णातील द्रव उघडा पडतो, आणि त्या द्रवाचा मार्ग मेंदूच्या आवरणांशी जोडलेला आहे. जिवाला धोका नसलेल्या बहिरेपणासाठी असा धोका पत्करावा काय, हा सीबेनमान यांचा प्रश्न त्या परिस्थितीत रास्तच होता.

दुसरे कारण पोलित्झर यांच्या शोधातच दडलेले होते. विकार जर अस्तराचा असेल तर आखडलेला सांधा मोकळा करून कायमचा फायदा होणे शक्य आहे. पण विकार खुद्द हाडाचा असेल आणि हाड वाढतच राहणार असेल, तर आज मोकळी केलेली रिकीब उद्या पुन्हा जखडेल. म्हणजे रोगाचे अधिक अचूक ज्ञान झाल्यामुळे उपचाराविषयी निराशा वाढली. आणि ही निराशा निराधार नव्हती, हे १९५० च्या दशकात दिसून आले.

तथापि एका मुद्द्यावर १९०० चा निर्णय टीकेला पात्र ठरतो. रिकीब काढून टाकणे आणि ती नुसती हलवून मोकळी करणे या दोन भिन्न गोष्टी होत्या. पहिलीत अंतर्कर्ण उघडतो, दुसरीत सहसा उघडत नाही. मिओ यांचे २०० रुग्ण दुसऱ्या प्रकारचे होते. दोन्हींना एकाच निषेधात गुंडाळल्यामुळे तुलनेने सुरक्षित असलेला मार्गही बंद झाला, आणि तो पुन्हा मोजून-मापून तपासण्याची संधीही गेली. १७९१ मध्ये घडले ते थोड्या सौम्य स्वरूपात पुन्हा घडले.

वाकडी वाट

रिकिबीला हात लावायचा नाही, पण ध्वनी तर आत पोहोचवायचा. मग दुसरीकडेच खिडकी का पाडू नये? या विचारातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गवाक्षनिर्मितीची, म्हणजे फेनेस्ट्रेशनची, शस्त्रक्रिया जन्मली. अंतर्कर्णाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी एकीच्या अस्थिभित्तीत छिद्र पाडून ध्वनिकंपनांना नवा मार्ग देणे, हे तिचे सूत्र. रॉबर्ट बारानी यांनी १९१० मध्ये असा प्रयत्न केला. अंतर्कर्णातील तोलयंत्रणेवरील संशोधनासाठी त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते जाहीर झाले तेव्हा ते रशियाचे युद्धकैदी होते. लंडनच्या जॉर्ज जेन्किन्स यांनी १९१३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दोन रुग्णांचे वृत्त सादर केले.

खरा ध्यास घेतला तो स्टॉकहोमच्या गुन्नार होल्मग्रेन यांनी. कडक निर्जंतुकीकरण आणि स्पष्ट दृष्टी या दोन अटी त्यांनी स्वतःवर घालून घेतल्या. त्यांच्याच चिकित्सालयातील कार्ल ओलोफ नीलेन यांनी १९२१ मध्ये एकाक्षी सूक्ष्मदर्शक शस्त्रक्रियेसाठी वापरला, आणि पुढच्याच वर्षी होल्मग्रेन यांनी द्विनेत्री सूक्ष्मदर्शक आणला. शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ सूक्ष्मदर्शक येण्याची ही सुरुवात, आणि ती कानासाठी झाली, हे नेत्रशल्य व मज्जाशल्य यांच्या अभ्यासकांनाही अनेकदा ठाऊक नसते. होल्मग्रेन यांच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर ऐकू येई, पण पाडलेली खिडकी काही काळातच नव्या हाडाने बुजून जाई आणि बहिरेपणा परते.

नांत येथील मोरिस सुर्दी यांनी त्या छिद्रावर त्वचेचा पातळ पदर बसवून ते उघडे राखण्याची युक्ती काढली. त्यांची पद्धत तीन टप्प्यांची असून पूर्ण होण्यास महिने लागत. १९३७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क येथे ती मांडली. तेथील ज्युलियस लेम्पर्ट यांनी तेच तत्त्व घेऊन, कर्णमार्गातूनच प्रवेश करून आणि विद्युत्‌चलित वेधणीचा उपयोग करून ते सर्व एकाच बैठकीत साधले. त्यांचा निबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. लेम्पर्ट हे पोलंडमधून आलेल्या गरीब स्थलांतरित कुटुंबातील होते आणि विद्यापीठीय वर्तुळाबाहेरचे होते. प्रस्थापितांनी प्रारंभी त्यांची उपेक्षा केली. पण परिणाम नाकारता येईनात तेव्हा देशोदेशीचे शल्यविशारद त्यांच्या खाजगी रुग्णालयात शिकण्यासाठी येऊ लागले.

लेम्पर्ट यांच्या यशामागे हस्तकौशल्याइतकाच मापनाचा वाटा आहे. १९२० च्या दशकात विद्युत्‌श्रवणमापक व्यवहारात आला होता. आता ऐकणे डेसिबलमध्ये मोजता येत होते, कागदावर आलेखाने मांडता येत होते आणि वर्षभरानंतर पुन्हा तपासता येत होते. मिओ यांच्याकडे नेमके हेच नव्हते. आणि याच मापनाने फेनेस्ट्रेशनची मर्यादाही उघडी पाडली. कानाच्या पडद्याचे कार्यक्षेत्र रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे १७ पट असते आणि हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी १.३ पट भर पडते. त्यामुळे दाब सुमारे २२ पट वाढून अंतर्कर्णातील द्रवापर्यंत पोहोचतो. नवी खिडकी या साखळीला वळसा घालत असल्याने ही वाढ कायमची गमवावी लागे. उत्तम शस्त्रक्रियेनंतरही सुमारे २५ डेसिबलची तूट उरे. त्याखेरीज अनेक दिवस तीव्र भोवळ आणि आयुष्यभर स्वच्छ करावी लागणारी कानामागील पोकळी, हे मोल वेगळेच.

रुग्णाच्या बाजूने पाहता हे मोल का दिले गेले, हे समजते. तरुण वयात ऐकू येईनासे होणाऱ्या स्त्रियांची या विकारात बहुसंख्या होती. गर्भारपणात तो बळावतो अशी वैद्यकाची दृढ समजूत होती आणि काही डॉक्टर मातृत्वच टाळण्याचा सल्ला देत. अलीकडील संशोधनाने त्या समजुतीविषयी शंका उपस्थित केली आहे. जर्मनीतील १९३३ च्या सक्तीच्या निर्बीजीकरण कायद्याने आनुवंशिक बहिरेपणाचा आपल्या यादीत समावेश केला होता. शस्त्रक्रियेचे इतिहास शल्यविशारदांनी लिहिलेले असल्याने या बाजूची नोंद त्यांत तुरळक आढळते.

अनपेक्षित पुनरागमन

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधील सॅम्युएल रोझेन हे १९५० च्या सुमारास फेनेस्ट्रेशन करणाऱ्यांपैकी एक. काही रुग्णांत ही शस्त्रक्रिया का फसते, याचा ते विचार करीत होते. रिकीब मुळात जखडलेलीच नसेल तर फेनेस्ट्रेशनने हानीच होणार. म्हणून मोठी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी पडदा किंचित उचलून रिकीब प्रत्यक्ष चाचपून पाहावी, असे त्यांनी ठरविले. त्यासाठी शवांवर दीर्घ सराव केला. १९५२ मध्ये स्थानिक भूल दिलेल्या एका रुग्णाची रिकीब ते अशीच चाचपत असताना ती हलली आणि टेबलावरील रुग्णाला ऐकू येऊ लागले.

या घटनेचे वर्णन सामान्यतः ‘योगायोग’ असे केले जाते. ते अर्धेच खरे आहे. योगायोग रिकीब हलण्याचा होता. पण भूल स्थानिक नसती तर रुग्ण काही बोललाच नसता, आणि निदानाची खातरजमा करण्याचा आग्रह नसता तर रोझेन तेथवर पोहोचलेच नसते. १९५३ मध्ये त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. केसेल आणि मिओ यांचीच ही शस्त्रक्रिया होती. फरक इतकाच, की आता पेनिसिलिन होते, श्रवणमापक होता, आणि त्याच वर्षी जर्मनीतील झाइस कंपनीने शस्त्रक्रियेसाठी खास बनविलेला सूक्ष्मदर्शक बाजारात आणला.

रुग्णांना भोवळ आली नाही, पोकळी राहिली नाही, श्रवण जवळजवळ पूर्ववत झाले. त्यामुळे फेनेस्ट्रेशन झपाट्याने मागे पडले. परंतु महिने-वर्षे लोटली तसे अनेक रुग्णांचे ऐकणे पुन्हा खालावले. रिकीब पुन्हा जखडत होती. पोलित्झर यांच्या शोधावरून काढलेले निराशाजनक अनुमान साठ वर्षांनी श्रवणालेखावर उमटले.

मग उरला मार्ग एकच, जॅक यांचा: रिकीब काढून टाकणे. अमेरिकेतील मेंफिस येथील तरुण शल्यविशारद जॉन शी यांनी जुने साहित्य वाचले होते. रिकीब काढल्यावर अंतर्कर्ण उघडा राहतो, या जुन्या आक्षेपाला उत्तर म्हणून गवाक्षावर रुग्णाच्याच शिरेचा पातळ तुकडा पसरायचा आणि ऐरणीपासून त्या पडद्यापर्यंत कृत्रिम रिकीब बसवायची, अशी योजना त्यांनी आखली. पदार्थ निवडला टेफ्लॉन. हा पदार्थ रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये, म्हणजे लेम्पर्ट यांच्या निबंधाच्याच वर्षी, प्रयोगशाळेत अकस्मात सापडला होता; शरीरातील ऊतींशी त्याची सहसा प्रतिक्रिया होत नाही. १ मे १९५६ रोजी शी यांनी ५४ वर्षांच्या एका स्त्रीवर पहिली शस्त्रक्रिया केली. तिला ऐकू येऊ लागले. व्यावसायिक सभांत सुरुवातीला तीव्र विरोध झाला, आणि विरोधकांचे मुद्दे १९०० च्या परिषदेतील मुद्द्यांची आठवण करून देणारे होते: अंतर्कर्ण उघडणे म्हणजे तो गमावणे. पण या वेळी दोन्ही बाजूंकडे श्रवणालेख होते, आणि वाद काही वर्षांत मिटला.

पुढील बदल तपशिलाचे आहेत. संपूर्ण तळवा काढण्याऐवजी त्यात लहानसे छिद्र पाडून दट्ट्या बसविण्याची पद्धत १९६० च्या दशकापासून विकसित होत गेली. १९८० च्या सुमारास त्या छिद्रासाठी लेसरचा वापर सुरू झाला. आजच्या दट्ट्याचा व्यास बहुधा ०.४ ते ०.६ मिलिमीटर असतो.

शस्त्रक्रियेची व्याप्ती

या यशकथेचे भारतीय वाचन करताना मात्र प्रमाणभान राखणे आवश्यक आहे. आपल्याकडे टाळता येण्याजोग्या बहिरेपणात कर्णकाठिण्यापेक्षा दीर्घकालीन पू होणाऱ्या कानांचा वाटा कितीतरी मोठा आहे, आणि त्याचा संबंध दाटीवाटीच्या वस्ती, कुपोषण व उशिरा मिळणाऱ्या उपचारांशी आहे. फुटलेला पडदा व झिजलेली हाडे पुन्हा उभारण्याचे तंत्र जर्मनीतील होर्स्ट वुल्स्टाइन आणि फ्रिट्झ झोल्नर यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी मांडले. भारतीय जिल्हा रुग्णालयांच्या दृष्टीने तो इतिहास अधिक निकटचा आहे. मुंबईत अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली, पण बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होण्यास २००६-०७ साल उजाडावे लागले. ज्यांच्या अंतर्कर्णातील चेतापेशीच निकामी आहेत, त्यांच्यासाठी रिकिबीची शस्त्रक्रिया निरुपयोगीच. त्यांच्याकरिता विद्युत्‌संवेदनेचा पहिला प्रयत्न आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी पॅरिसमध्ये २५ फेब्रुवारी १९५७ रोजी केला, शी यांच्या शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांच्या आत.

सीबेनमान यांनी दर्शविलेला धोका शून्यावर आलेला नाही. अनुभवी हातांनी केलेल्या रिकीबशस्त्रक्रियेत दहापैकी नऊ रुग्णांना चांगला लाभ होतो. परंतु सुमारे शंभरात एका रुग्णाचा तो कान पूर्णपणे बहिरा होण्याची शक्यता आजही सांगितली जाते. म्हणून दोन्ही कान जखडलेले असले तरी त्यांवर सहसा एकाच वेळी शस्त्रक्रिया करीत नाहीत. आधी ज्या कानाने कमी ऐकू येते तो निवडतात, मग काही महिने वाट पाहतात. आणि ज्याला एकाच कानाने ऐकू येते, त्याच्या त्या कानाला शक्यतो शस्त्र लावीत नाहीत. त्याला श्रवणयंत्र देतात.